भूक कुठं लागलीय?

कोरे मॅडमची आठवण आली की मला आधी राग येतो. आदर, माया वगैरे त्याच्या मागून सावकाश येतात. नऊ वर्षं आम्ही एका खोलीत, एका खडखडणाऱ्या पंख्याखाली, समोरासमोर टेबलं टाकून बसलो. त्या मानसशास्त्र शिकवायच्या, मी अर्थशास्त्र. धाराशिवच्या बाहेर माळावर आमचं विद्यापीठ केंद्र आहे, बारावीपुढचं सगळं शिकवणारं. एक इमारत, दोन वसतिगृहं आणि चारी बाजूंनी कुसळं. तिथं दुपारी बारा वाजता 'भूक लागली बुवा' एवढं साधं वाक्य बोलायचीही सोय या बाईंनी ठेवली नव्हती.

"कुठं लागलीय?" त्या लगेच विचारायच्या.

"कुठं म्हणजे? पोटात."

"मग हात गळ्यावर कामून गेला, सर?"

हात खरंच गळ्यावर गेलेला असायचा. मी तो चिडून खाली घ्यायचो. त्या हसायच्या नाहीत, वहीत काही लिहायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. तेच जास्त लागायचं. "पोटातली भूक भाकरीनं जाती," त्या म्हणायच्या, "गळ्यातली भाकरीनं वाढती." एकदा मी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? त्या म्हणाल्या, पुस्तकात नाही, माझ्या ड्रॉवरात आहे.

ड्रॉवरात गूळ आणि भाजलेले शेंगदाणे असायचे. बाई अंगानं चांगल्या भरलेल्या होत्या. कपाळावर विभूतीचा पट्टा, सुती साडी, पायात रबरी चप्पल आणि चालणं इतकं सावकाश की तास संपल्याची घंटा त्यांना अर्ध्या वाटेत गाठायची. माहेर उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीला चिकटून. त्यामुळं 'नमस्कार'च्या जागी त्यांच्या तोंडी 'ऊटा आतेन्री?' असायचं, म्हणजे जेवण झालं का. शिपायाला, प्रमुखांना, फोनवर आलेल्या बँकवाल्यालासुद्धा. प्रमुखांच्या मीटिंगला त्या गेल्या की मीटिंग कशी झाली ते मला विचारावं लागत नसे. ड्रॉवर एकदा उघडला तर बरी झाली, तीनदा उघडला तर यांना नोकरीत कायम करायचं पुन्हा पुढं ढकललं. त्यांनी ते कधी लपवलं नाही. उलट शेंगदाण्याची मूठ तोंडात टाकायच्या आधी स्वतःच गळ्याला हात लावून सांगायच्या, "ही हितली हाय."

अशा बाईंनी पीएचडीला विषय घेतला तो विद्यार्थ्यांची मनःस्थिती, त्यांचं जीवनसमाधान आणि त्यांचं भावनिक खाणं. आमच्या प्रमुखांना वर्षभर पुरेल एवढा विनोद मिळाला. "मॅडम, खाण्यावर पीएचडी! अनुभवावरनं लिहिताय का संदर्भग्रंथ पण आहेत?" सगळी स्टाफरूम हसली. त्याही हसल्या, आणि खोलीत येऊन ड्रॉवर उघडला.

पण गंमत करण्यासारखी परिस्थिती नव्हती. मॅडम नऊ वर्षं तासिका तत्त्वावर होत्या. दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत आणि तोच पगार. मार्चअखेर प्रबंध सादर झाला तर जूनमध्ये रिकामी होणारी कायम जागा त्यांची, असं प्रमुखांनी चार माणसांत सांगितलं होतं. नाही झाला तर नोंदणी रद्द, आणि रद्द नोंदणीच्या बाईला पुन्हा तासिका कोण देणार? म्हणजे जे काही होतं ते या मार्चवर होतं. प्रबंध लिहून तयार होता. फक्त विद्यार्थ्यांकडून फॉर्म भरून घ्यायचे आणि त्यांचा निष्कर्ष शेवटी जोडायचा. दोन आठवड्यांचं काम.

फॉर्म साधा होता. 'मी माझ्या आयुष्यावर खूश आहे', 'मन उदास असलं की मी जास्त खातो/खाते' अशी वाक्यं आणि पुढं एक ते पाच आकडे. पाच म्हणजे अगदी खरं.

मॅडमनी फॉर्म वाटले ते नवरात्राच्या तिसऱ्या माळेला. तुळजापूर इथून जवळच, अर्धं वसतिगृह नऊ दिवस अनवाणी आणि उपाशी. सगळे फॉर्म परत आले, आणि सगळे आनंदी. एकानं तर समासात लिहिलं होतं, 'आईसाहेबांच्या कृपेने सर्व ठीक'. जास्त खाण्याच्या वाक्यापुढं बऱ्याच जणांनी आकडाच घातला नव्हता, 'उपवास' एवढंच लिहिलं होतं. मॅडमनी मुलींना विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम, घट बसलेत. अशा दिवसांत कागदावर वंगाळ लिवत न्हायत."

त्यांचे मार्गदर्शक लांबच्या शहरात होते. त्यांना फोनवर हे सांगितलं तर ते खूश झाले. "ग्रामीण विद्यार्थी समाधानी! निष्कर्ष चांगलाय. जोडा आणि पाठवा."

"ही देवीच्या भीतीची उत्तरं हायेत," फोन ठेवून मॅडम मला म्हणाल्या, "पोरांची न्हायत."

"देवीची तर देवीची," मी म्हणालो. "परीक्षकाला काय कळतंय?"

त्यांनी ते फॉर्म कपाटावर टाकले आणि दिवाळीनंतर नवे काढले. या वेळी नाव लिहायचं नाही, घडी घालून पेटीत टाकायचे, पेटीला कुलूप. मीही तासावर जाऊन पोरांना बजावलं की खरं लिहा. पेटी उघडली तेव्हा खोलीत मी होतो. पाच, पाच, पाच, पाच. माळावरच्या त्या केंद्रात, जिथं पाणी दिवसाआड येतं आणि निकाल लागला की पोरं स्टँडवर जाऊन एकेकटी गुलाबजाम खात उभी असतात, तिथं एकही माणूस दुःखी नव्हता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी वर्गात नुसतं विचारलं, "हे कसं झालं?" मी दारात उभा होतो. मग वर्गाचा प्रतिनिधी गणेश उभा राहिला.

"मॅडम, तुमची पीएचडी हाय म्हणल्यावर कमी कशाला द्यायचं? आमी होस्टेलात बसून ठरवलं, समद्यांनी पाचच द्यायचे. तुमचं काम अडाया नको."

"आन् ते उदास असलं की जास्त खातो, त्याला?"

"तिथं एकच दिला. तिथं जास्त दिले तर बेकार दिसतंय न्हवं?"

पोरं मॅडमकडं अशी बघत होती, जणू आता शाबासकी मिळणार. पोरांनी वर्गणी काढून साडी द्यावी तशी आपापल्या आयुष्याची उत्तरं बाईंना भेट दिली होती. मला हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. मॅडम रागावल्या नाहीत. "बसा," म्हणाल्या, तास पूर्ण घेतला, खोलीत आल्या आणि ड्रॉवर उघडला. मी म्हणालो, "मॅडम, प्रेम आहे हो त्यांचं. घ्या आणि मोकळ्या व्हा."

"प्रेमच आडवं आलंय, सर," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी फॉर्मचा नादच सोडला आणि स्टँडवर जाऊन बसू लागल्या. आमच्याकडं अजून एस.टी.नं डबे येतात. तेर, ढोकी, बेंबळी, जिथून सकाळची गाडी सुटते तिथून आया डबा पिशवीत घालून ड्रायव्हरच्या मागं ठेवतात. स्टँडवर पोरं येऊन आपापली पिशवी ओळखून नेतात आणि संध्याकाळच्या गाडीनं धुतलेला डबा परत जातो. गावाकडं आई पिशवी हातात घेऊन आधी वजन बघते. हलकी लागली की पोरगं बरं आहे. फोनवर पोरं काहीही सांगोत, डबा रिकामा आला म्हणजे सगळं ठीक, एवढा हिशेब पक्का. मॅडम एक महिना संध्याकाळी स्टँडच्या बाकावर बसल्या आणि शेवटी मला म्हणाल्या, "सर, हा डबा आपल्या फॉर्मसारखाच हाय. हाबी पाचच सांगतो."

"मग?"

"मग काही न्हाय. एक पोरगी दिसली."

ती प्रतीक्षा. मॅडमच्याच वर्गातली, तेरची. तिचा डबा सगळ्यांत मोठा यायचा, कारण आई मैत्रिणींसाठीही धाडायची. सहा भाकरी, वर धपाटे, चटणी, शनिवारी शेंगोळे. मैत्रिणींना त्यातलं काही मिळत नसे. प्रतीक्षा वाचनालयामागच्या जिन्यात बसून एकटी सगळं खायची, डबा घासायची आणि मग स्टँडवर गुलाबजाम. दीड वर्षात पोरगी दुप्पट झाली होती. मॅडमनी तिला काही शिकवलं नाही, समजावलं नाही. जिन्यात तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि नेहमीचा प्रश्न विचारला. तिचा हात गळ्यावर गेला तो खाली येईना, आणि ती रडायला लागली.

तिला बारावीनंतर पुण्यात नर्सिंगला नंबर लागला होता. वडील म्हणाले, जिथं डबा पोचत नाही तिथं पोरगी कशी ठेवायची? धाराशिवला गाडी जाते, डबा जातो, तिथं काय असेल ते शिक. म्हणून ती मानसशास्त्र शिकत होती. डबा पोचतो तिथंवरच तिचं आयुष्य जायचं होतं, आणि तो डबा आई पहाटे उठून इतक्या मायेनं भरायची की त्याच्याविरुद्ध तोंड कसं उघडायचं ते पोरीला कळत नव्हतं. मॅडमना म्हणाली, "तुमीच सांगा आईला. माझ्यानं न्हाय व्हायचं."

मार्च निम्मा सरला होता. मी म्हणालो, मॅडम, आधी प्रबंध, मग पोरगी. त्या म्हणाल्या, "तुमचं सासर तेरचंच न्हवं? रविवारी येता का संगं?"

गेलो. चीड आली तरी गेलो. आम्ही पायरी चढायच्या आत प्रतीक्षाच्या आईनं ताटं मांडली. लेकीच्या मॅडम घरी आलेल्या, मग काय बघता! येसर आमटी, भाकरी, वांगं, शेंगदाण्याची चटणी, वर दह्याचं गाडगं. माउली उभी राहून वाढत होती आणि बोलत होती. "मॅडम, आमच्या पोरीला कॉलेज लई मानवलं बघा. अंग कसं भरलंय! डबा चाटूनपुसून धाडती. म्या रोज झाकण उघडून बगती, इतकं समाधान वाटतंय." मॅडम तोंड उघडायच्या आणि ताटात भाकरी पडायची. 'साकु, साकु' म्हणजे पुरे, पुरे, असं त्या कानडीत म्हणत होत्या. माउलीला कानडी येत नव्हती, आणि आली असती तरी तिनं ऐकलं नसतं. पाव्हण्यानं ताटावर हात आडवा धरला म्हणजे संकोच, एवढंच तिला ठाऊक. मी मनात म्हणत होतो, बोला हो बाई, नाहीतर उठा. चार भाकरी झाल्या.

शेवटी माउलीनंच विचारलं, "मॅडम, तुमी ते कागद भरून घेतले म्हणं. आमच्या पोरीनं काय लिवलं?"

मॅडमनी हातातला घास ताटात ठेवला. "लई चांगलं लिवलं," त्या म्हणाल्या. "माझी पीएचडी अडू नये म्हणून माझ्यासाठी चांगलं लिवलं. तुम्हांला वाईट वाटू नये म्हणून तुमच्यासाठी डबा रिकामा धाडती. आई, तिच्यासाठी ती काय करती, ते येकदा येऊन तिला इचारा. डबा न्हाय आला तरी चालंल, तुम्ही या."

माउलीच्या हातातली भाकरी हातातच राहिली. मग ती एकदम कडाडली, "डबा न्हाय आला तरी चालंल? आमच्या हातचं काय वंगाळ हाय का? पोरगी खाती त्येचीबी तुमाला अडचन व्हय?" आम्ही हात धुतले आणि निघालो. परतीच्या गाडीत मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या आणि मी बोलत सुटलो होतो. माउलीच्या हातची अर्धी टोपली भाकरी खाऊन वर त्यांनाच दुखवून आलात, काय मिळवलंत? त्या एवढंच म्हणाल्या, "चारही भाकरी हितं गेल्या, सर," आणि गळ्याला हात लावला.

दोन दिवस तेरहून डबा आला नाही. प्रतीक्षा रडून लाल झाली, आणि मॅडमच्या ड्रॉवरातला गूळ संपला. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं डबा आला तो माउलीच्या मांडीवर बसून. वसतिगृहासमोरच्या लिंबाखाली मायलेकी दोन तास बसल्या. काय बोलल्या ते आम्हांला कळलं नाही. आमच्या खिडकीतून एवढंच दिसत होतं की आधी आई रागानं हातवारे करत होती, मग पोरगी बोलत होती आणि आई ऐकत होती. पुण्याचं काय झालं? ते वर्ष गेलं ते गेलंच, बाप काही लगेच बदलत नाहीत. पण त्या संध्याकाळी तेरच्या गाडीनं डबा अर्धा भरलेला परत गेला. दुसऱ्या दिवशीही. मॅडम स्टँडवरून जवळजवळ पळत आल्या, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि दारातून ओरडल्या, "सर, उरलं! दोन भाकरी उरल्या!"

माझा मात्र संताप झाला. मार्चचे चार दिवस उरले होते आणि ही बाई उरलेल्या भाकरीचे पेढे वाटायला निघाली होती. मी दार लावून घेतलं आणि म्हणालो, "मॅडम, आता ऐका. कोरे फॉर्म द्या इकडं. मी भरून देतो. थोडे खूश, थोडे नाखूश, थोडे मधले. माझ्याकडं तीन रंगांची पेनं आहेत, अक्षरंही तीन तऱ्हांची जमतात. दोन दिवसांत देतो. कुणाला कळत नाही."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "तुमची अशीच झाली का, सर?"

मी खिशातली पेनं चाचपली. बाजार समितीतल्या हमालांवरचा माझा प्रबंध आमच्या वाचनालयात काचेच्या कपाटात आहे. त्यातले निम्मे हमाल मी माझ्या खोलीत बसून तीन पेनांनी जन्माला घातलेत. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मॅडमनी पुढं एक शब्द विचारला नाही. ड्रॉवर उघडला, शेंगदाण्याची पुडी माझ्याकडं सरकवली, आणि आम्ही दोघं समोरासमोर बसून ती पुडी संपवली.

एकतीस मार्च आला आणि गेला. मॅडमनी मार्गदर्शकांना पत्र धाडलं की विद्यार्थ्यांनी दिलेली उत्तरं खरी नाहीत, सबब निष्कर्ष काढता येत नाही. मार्गदर्शकांनी कपाळाला हात लावला असेल. नोंदणी रद्द झाली. प्रमुख म्हणाले, "मॅडम खाण्यात हुशार, पण खायचं कधी ते कळत नाही." स्टाफरूम हसली. मी हसलो नाही, पण काही बोललोही नाही. कायम जागेसाठी दुसऱ्याच कुणाचं नाव ठरलं. त्यांचा प्रबंध तयार होता, त्यातले विद्यार्थी अतिशय समाधानी होते.

मॅडम एप्रिलच्या शेवटी गेल्या. उमरग्याकडं एका शाळेत काही तरी बघते म्हणाल्या. मी स्टँडवर पोचवायला गेलो. दोन पिशव्या, पुस्तकांचं एक खोकं, आणि हातात तेरहून सकाळच्या गाडीनं आलेला डबा. माउलीनं धाडलेला, झाकणावर पेंटनं 'कोरे म्याडम' लिहिलेला. गाडीला वेळ होता. त्यांनी बाकावर डबा उघडला. धपाटे, चटणी, दह्याची वाटी. एक धपाटं त्यांनी सावकाश खाल्लं, दुसरं मोडून अर्धं खाल्लं आणि थांबल्या. नऊ वर्षांत मी त्या बाईंना ताटात काही टाकताना पाहिलं नव्हतं. "साकु," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि उरलेल्या धपाट्यांवर झाकण लावलं.

मला भडभडून आलं, आणि रागही आला. नोकरी गेली, पदवी गेली, नऊ वर्षं गेली, आणि बाईंचं पोट भरलं! मी म्हणालो, "मॅडम, प्रबंधावर एका सहीचं काम होतं हो." त्या उठल्या, पिशव्या घेतल्या, 'ऊटा माड्री सर' म्हणाल्या, जेवण करा म्हणून, आणि गाडीत चढल्या.

खिडकीची जागा मिळाली. गाडी हलली तेव्हा त्यांनी काच सरकवून मोठ्यानं विचारलं, पण ड्रायव्हरच्या हॉर्नमध्ये मला काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी नुसती मान उडवून खुणेनं विचारलं. भूक कुठं लागलीय, सर?

तेव्हा दुपार होत होती, आणि मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. माझा हात गळ्यावर गेला. या वेळी मी तो खाली घेतला नाही. गाडी फाटकातून वळेपर्यंत तसाच धरून उभा राहिलो. साऱ्या केंद्रात प्रतीक्षानंतर त्यांना मिळालेलं ते एकच खरं उत्तर, आणि तेव्हा त्यांच्याजवळ लिहून घ्यायला फॉर्म नव्हता.